अंगठा उमटत नाही

आमच्या रेशन दुकानातलं मशीन मला ओळख देत नाही. वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवून माझ्या अंगठ्यावरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. दुकानदार म्हणतो, "ताई, पुसून दाबा." पदराला पुसते, दाबते. "जोरात!" मागे रांग खोकायला लागते. शेवटी सासूबाई त्यांचा अंगठा टेकवतात, एका फटक्यात पावती बाहेर! मग घरी येईपर्यंत त्यांची चालच वेगळी असते.

यंदा आम्ही दोघांनी लोहगावात घर घ्यायचं ठरवलं. रिसेलचा वन बीएचके, ३० लाख. बँकेतल्या साहेबांनी ह्यांची सॅलरी स्लिप पाहिली, २८ हजार. "मॅडमचं काही?" शिवणाचं सांगितलं. "धरू की! अजून काही?" माझ्या कमाईची एवढी आस्था माहेरीही कुणी दाखवली नव्हती. त्या भरात मी कागदपत्रांच्या पिशवीतून केशरी रेशनकार्डही पुढे केलं. कुणी मागितलं होतं का? नाही.

साहेबांनी पान उलटलं. सासऱ्यांच्या काळातलं कार्ड, वार्षिक उत्पन्न रुपये ४५ हजार. "वर्षाचे पंचेचाळीस," ते चष्म्यावरून म्हणाले, "आणि हप्ता महिन्याला वीस हजार आठशे." हे पंख्याकडे बघायला लागले.

खोटं कुणी बोललं नव्हतं हो. सासरे गेले, पगार वाढला, कार्ड तेवढं तिथेच थांबलं. घरी बसून नियम वाचले. शहरात ५९ हजारांपर्यंत रेशनचं मोफत धान्य, अडीच लाखांपर्यंत लाडकी बहीण आणि आवास योजनेत सहा लाखांपर्यंतही अल्प उत्पन्न गट. म्हणजे एकाच खुर्चीत बसून मी दोन ठिकाणी श्रीमंत आणि एका ठिकाणी गरीब!

रेशन ऑफिसात गेले. "नाव वाढवायचंय की कमी करायचंय?" क्लार्कनं मान वर न करता विचारलं.

"धान्य बंद करायचंय."

आता मान वर आली. "कुणी तक्रार केलीय का तुमची?"

"नाही. घर घेतोय."

त्यांनी शेजारच्या टेबलाला हाक मारली, "अहो, या ताई स्वतःहून आल्यात!" दोघंतिघं बघून गेले. अर्ज मिळाला, पण चौथ्या खेपेला.

सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्यांचं दुःख पैशाचं नव्हतंच. "रेशनच्या तांदळासारखी इडली त्या बासमतीची होणारे का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

लाडक्या बहिणीचे दीड हजारही लेखी अर्ज देऊन सोडले. मग वकील म्हणाले, बाईच्या एकटीच्या नावावर घर असतं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत होती. पण कर्ज ह्यांच्या पगारावर, म्हणून नावं दोघांची. तीस हजार गेले. वीस महिन्यांची लाडकी बहीण एका नवऱ्यापायी! ह्यांनी पुन्हा पंखा शोधला, पण वकिलांकडे एसी होता.

नोंदणीच्या दिवशी अंगठ्याची वेळ आली. मी सवयीनं पदराला पुसला, दोनदा फुंकर मारली, दात आवळून दाबणार, तोच तिथला मुलगा म्हणाला, "झालं मॅडम, उचला."

नुसता टेकवला होता.