‘लगेच समजत नसेल तर गणित सोडा’ : त्या मेसेजला ग्वाल्हेरहून उत्तर

गेला महिनाभर एक मेसेज ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. मला तो चार ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वरच्या वर्गांचं गणित हे जन्मजात डोक्याचं काम आहे. बारावीत नव्वदच्या खाली मार्क असतील तर बीएस्सीला गणित घेऊ नये. हुशार मुलाला एका वाचनात समजतं, ज्याला समजत नाही त्याला पुढेही समजणार नाही. एमएस्सीपर्यंत नुसती प्रमेयं पाठ करायची असतात, त्यात आनंद कसला? ते काम परदेशातल्या असामान्य बुद्धीच्या लोकांचं. आणि एवढं करून नोकरी नाहीच. शेवटी ‘पालकांनी विचार करावा’ आणि हात जोडलेले.

मी एरवी असल्या मेसेजना उत्तर देत नाही. या वेळी देते आहे, कारण आमच्या शेजारची मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या आत्याने तिला हा मेसेज पाठवला आणि त्याच आठवड्यात रिअल अ‍ॅनालिसिसच्या चाचणीत तिला वीसपैकी चार मिळाले. संध्याकाळी ती वही घेऊन आली. म्हणाली, “मावशी, मी विषय बदलते. यात माझ्याबद्दलच लिहिलंय.” मी वीसेक वर्षं कॉलेजच्या मुलांना गणित शिकवते आहे. चार मार्कांचं मला काही वाटलं नाही. तिने त्या मेसेजवर विश्वास ठेवला, याचं वाईट वाटलं.

आधी बारावीच्या मार्कांचं बघू. मला बारावीत गणितात ९४ होते. एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला मी टोपॉलॉजीत नापास झाले. माझ्या वर्गात जो मुलगा पुढे सगळ्यांत चांगलं गणित करू लागला, त्याला बारावीत साठच्या आसपास होते. यावरून नियम काढायचा नाही, पण असं घडतं त्याला कारण आहे. बारावीपर्यंत प्रश्न दिसला की रीत ठरलेली असते: हे इंटिग्रेशन या पद्धतीने, ते समीकरण त्या सूत्राने. वेग आणि सराव यांना मार्क. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात एकदम सूत्र जातं आणि समोर एक व्याख्या येते, खाली लिहिलेलं असतं ‘सिद्ध करा’. कुठून सुरुवात करायची हे कोणी सांगत नाही. हे वेगळंच कौशल्य आहे, आणि ते शाळेत कोणी तपासलेलंच नसतं. मग शाळेच्या मार्कांवरून त्याचा निवाडा कसा करणार?

आता त्या मेसेजमधलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य: हुशाराला एका वाचनात समजतं.

त्या मुलीचं घोडं जिथे अडलं होतं ती जागा बघा. फलनं (फंक्शन्स) एकामागून एक घेत गेलं की ती शेवटी ज्याच्या जवळ जातात ती त्यांची सीमा, आणि असं जवळ जाण्याच्या, म्हणजे अभिसरणाच्या, ‘पॉइंटवाइज’ व ‘युनिफॉर्म’ या दोन प्रकारांतला फरक. पुस्तकात दोन्ही व्याख्या एकाखाली एक छापलेल्या असतात. शब्द तेच, फक्त क्रम बदललेला. ती म्हणाली, “दोन्हींत एकच तर लिहिलंय.” मी तिला दोन वाक्यं लिहून दिली. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे.’ ‘एक किल्ली अशी आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते.’ शब्द जवळपास तेच आहेत, पण पहिलं वाक्य कुठल्याही घराबद्दल खरं असतं आणि दुसरं खरं असेल तर चोराची चंगळ. ती बराच वेळ गप्प बसली.

मग मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. शून्य ते एकमधली कोणतीही संख्या घ्यायची आणि तिचा घात वाढवत न्यायचा. ०.९ चा पन्नासावा घात सुमारे ०.००५, म्हणजे जवळजवळ शून्य. ०.९९ चा पन्नासावा घात? तिने दाबून बघितला: ०.६०५. तो अजून शून्याच्या जवळपासही नाही. पाचशेवा घात केला तेव्हा कुठे ०.००६६ वर आला. एकच्या जितकं जवळ जावं तितका जास्त घात लागतो, आणि खुद्द एकचा घात कितीही वाढवला तरी एकच राहतो. किल्ली म्हणजे इथे पुरेसा मोठा घात. प्रत्येक संख्येला तिची तिची किल्ली सापडते, पण सगळ्यांना चालेल अशी एक किल्ली नाही. म्हणजे अभिसरण पॉइंटवाइज आहे, युनिफॉर्म नाही. घात कोणताही घ्या, आलेख अखंड असतो. शेवटी उरतो तो मात्र तुटलेला, सगळीकडे शून्य आणि एकवर अचानक एक.

हा फरक एका वाचनात न दिसणाऱ्यांत कोशी आहे. ऑगुस्तँ-लुई कोशी, तो फ्रेंच गणिती, ज्याच्या नावाची प्रमेयं आम्ही आजही शिकवतो. १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्याने लिहिलं की अखंड फलनांच्या अभिसारी मालिकेची बेरीज अखंडच असते. १८२६ मध्ये नॉर्वेचा गणिती नील्स आबेल याने साइनच्या एका मालिकेकडे बोट दाखवून सांगितलं की या प्रमेयाला अपवाद आहेत. नक्की चूक कुठे आहे आणि कोणती अट जोडायला हवी, हे स्पष्ट व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली. ज्या सीमेवर हे सगळं उभं आहे, तिचीही तीच गोष्ट. न्यूटन आणि लायब्निट्स सतराव्या शतकात कॅल्क्युलस वापरत होते, १७३४ मध्ये बिशप बर्कलीने त्यातल्या ‘अतिसूक्ष्म’ राशींवर नेमकी टीका केली, आणि आज मुलं सीमेची जी काटेकोर, एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या लिहितात ती जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या व्याख्यानांतून पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जगातल्या उत्तमोत्तम डोक्यांना जे समजायला दीडशे वर्षांहून जास्त लागली, ते आम्ही अभ्यासक्रमात दोन आठवड्यांत उरकतो. चाचणीत चार मार्क पडणारी मुलगी मंद नाही. ती गणितातल्या सगळ्यात अवघड वळणांपैकी एकावर उभी आहे, आणि हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

ग्वाल्हेरकरांना तर यासाठी लांब जायलाच नको. किल्ल्याच्या चढावर एका खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. त्यातला शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. देवळाला दिलेल्या बागेचं माप त्यात २७० हात बाय १८७ हात दिलं आहे, आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे. त्या २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच, छोटी गोल, कोरलेली आहेत. गाईड ती दाखवतात, लोक फोटो काढतात. त्या काळी शून्य लिहिता येत होतं, बागेच्या हिशोबात सहज वापरलं जात होतं. पण त्याने भागायचं कसं, हा प्रश्न सुटला नव्हता. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम दिले आणि शून्याला शून्याने भागलं तर शून्य येतं असं लिहिलं. ते चुकीचं होतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये शून्य हा छेद असलेल्या राशीला खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. तेही अपुरं. या प्रश्नाचा नीट विचार सीमेच्या कल्पनेनेच करता येतो, त्याच कल्पनेने, जिच्यावर ती मुलगी अडली होती. एवढी मोठी माणसं चुकली म्हणून कोणी त्यांना विषय बदलायला सांगितलं नाही.

पाठांतराबद्दलचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. आपल्याकडे बहुतेक मुलं परीक्षेच्या आधी वन वीक सिरीजची तयार उत्तरांची पुस्तकं आणतात, दहा प्रमेयं घोकतात आणि पास होतात. प्रश्नपत्रिकांत तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून हे चालतं. मीही एका वर्षी असंच केलं आहे, आणि त्या पेपरातलं आज मला एक अक्षर आठवत नाही. पण हा दोष आमच्या परीक्षांचा आणि आम्हा शिकवणाऱ्यांचा. जेवण न चाखता गिळलं, तर चवीबद्दल बोलण्याचा हक्क उरत नाही.

चव कशी असते ते एका उदाहरणाने सांगते. गणितात ग्रुप म्हणजे असा संच, ज्यात दोन घटक एकत्र करून त्याच संचातला घटक मिळतो, तिघांना एकत्र करताना आधी कोणती शेजारची जोडी घेतली याने फरक पडत नाही, काहीच न बदलणारा एक घटक असतो आणि प्रत्येकाला त्याचा परिणाम पुसणारा व्यस्त असतो. आता समजा घटकांची संख्या सम आहे. दावा असा, की न बदलणारा सोडून आणखी एक तरी घटक स्वतःच स्वतःचा व्यस्त असणारच. हे सिद्ध करायला एकही सूत्र लागत नाही. प्रत्येकाला त्याच्या व्यस्ताशेजारी उभं करा, लग्नात जोडप्यांना फोटोसाठी उभं करतात तसं. जोड्या लागल्या ते सगळे मिळून सम. एकूणही सम. मग एकटे उरलेलेही सम असणार. न बदलणारा घटक तर एकटाच उभा आहे, म्हणजे त्याच्यासोबत आणखी कोणीतरी एकटं असलंच पाहिजे. झालं. ग्रुप कोणता, त्यात संख्या आहेत की चौकोनाची फिरवाफिरवी, काही विचारलं नाही, आणि सगळ्या सम ग्रुपांबद्दल एकदम कळलं. वर्गात हे पहिल्यांदा सांगते तेव्हा दोन-तीन मुलं मान वर करतात आणि हसतात. विनोद कोणी केलेला नसतो. पाठ केलेल्या प्रमेयावर मी कोणाला असं हसताना बघितलेलं नाही. आणि जे मूल आधी अर्धा तास स्वतः झगडलेलं असतं, तेच सगळ्यात जास्त हसतं.

‘परदेशातल्या असामान्य लोकांचं काम’ हे वाक्य ग्वाल्हेरच्या ग्रुपवर फिरावं याचं नवल वाटतं. मोठे गणिती श्रीराम अभ्यंकर इथेच वाढले. जन्म १९३० चा, उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. मुंबईत शिकून ते हार्वर्डला गेले, गणिती ऑस्कर झरिस्की यांच्याकडे १९५५ मध्ये पीएचडी केली. पृष्ठभागावर जिथे टोक येतं किंवा पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो, त्या बिघडलेल्या जागा सरळ करता येतात का, हा त्यांचा प्रश्न होता. एका प्रकारच्या अंकव्यवस्थेत तो झरिस्कींनी सोडवला होता, दुसऱ्या प्रकारच्या अंकव्यवस्थेत पृष्ठभागांसाठी तो अभ्यंकरांनी सोडवला. त्याहून वरच्या मितींत त्यांनी पुढे आयुष्यभर झुंज दिली. २०१२ मध्ये ते गेले, आणि सर्वसाधारण रूपात तो प्रश्न आजही उघडा आहे. अडलेपण हे नापासांचं लक्षण मानलं, तर अभ्यंकरांना कुठे बसवायचं? आणि हेच अभ्यंकर आग्रहाने सांगत, की भूमितीचे मोठे प्रश्न हायस्कूलच्या बीजगणिताने हाताळता येतात. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था काढली.

नोकरीची काळजी खरी आहे, आणि ज्या घरात एकाच पगारावर चार माणसं आहेत तिथे तिला हसू नये. नुसत्या बीएस्सी गणितावर आमच्या शहरात फार काही मिळत नाही, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. पण पुढे जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, बँका, विमा, डेटाचं काम, शिक्षकी, अशा वाटा आहेत. १९९३ पासून चालणारा एमटीटीएसचा (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी वर्ग आहे, तिथे मुलांना व्याख्यान ऐकवत नाहीत, प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच गणित काढून घेतात. छोट्या कॉलेजातल्या मुलांनी त्यासाठी जरूर अर्ज करावा. आवडत नाही म्हणून गणित सोडणारं मूल योग्यच करतं, मी स्वतः तशा दोघांना अर्ज भरायला मदत केली आहे. ‘मला लगेच समजत नाही’ म्हणून सोडणाऱ्याला मात्र मी अडवते.

त्या मुलीने अजून काही ठरवलेलं नाही. त्या संध्याकाळी ती वही मिटून गेली. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला: “मावशी, एकपर्यंत जायचंच नाही, ०.९९ लाच थांबायचं ठरवलं, तर सगळ्यांना एक किल्ली मिळते ना? ०.९९ ला जी लागते तीच बाकीच्यांना लागेल, कारण ते सगळे लहान आहेत.” हे तिच्या चाचणीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. उत्तर बरोबर आहे. मी तिला लिहिलं, आता हे नीट सिद्ध करून उद्या घेऊन ये.