परदेशात खिसा कापला जातो तो भिडेपायी

मे महिन्याच्या टूर ठरायला लागल्या की व्हॉट्सॲपवर तीच यादी फिरू लागते. ‘युरोपला जाताय? सावधान!’ खाली पंचवीसेक मुद्दे, उद्गारचिन्हांची रांग आणि शेवटी ‘सतत सतर्क राहा’. सतत सतर्क कोण राहू शकतं हो? आयफेल टॉवरखाली मान वर करून उभा असलेला माणूस त्या घटकेला सतर्क नसतोच. नसावाही. त्या घटकेसाठीच तर त्याने इतकी वर्षं पैसे साठवलेत.

या याद्यांमधलं एक गृहीतक मला मुळातच पटत नाही, की फसतो तो बावळट. माझ्या माहितीतली जी माणसं परदेशात लुबाडली गेली ती चांगली शहाणी, व्यवहारी माणसं आहेत. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी. पण कोणी हसून काही विचारलं तर उत्तर न देता पुढे निघून जाणं त्यांना जमत नाही. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तिथल्या भामट्यांचा निम्मा धंदा या भिडेवर चालतो, असं माझं ठाम मत झालंय.

उरलेला निम्मा चालतो तो आपण तिथे पोचल्यावर सैल पडतो म्हणून. मी डोंबिवलीची. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढताना सॅक पाठीवरून पोटावर कधी येते ते आमचं आम्हालाही कळत नाही. गळ्यातलं ओढणीखाली जातं, मोबाइल मुठीत जातो. तीच आम्ही मंडळी पॅरिसच्या मेट्रोत सॅक पाठीवर टाकून, मोबाइल मागच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत ठेवून उभी राहतो. कारण स्टेशन चकाचक आहे, लोक रांगेत आहेत, कोणी कोपर मारत नाही. रस्ता स्वच्छ दिसला की माणसंही धुतल्या तांदळासारखी असणार असं आपण धरून चालतो. मुंबईत शिकलेली अक्कल आपण विमानतळावर चेक-इन सामानात टाकून देतो की काय कोण जाणे.

आता भिडेचं सांगते. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी काही तरुण रंगीत दोरे घेऊन उभे असतात. ‘इंडिया? नमस्ते! शाहरुख खान!’ असं म्हणत जवळ येतात, हात पुढे करायला सांगतात आणि बघता बघता बोटाला दोरा अडकवून त्याची वीण घालायला लागतात. आमच्या मामींनी हात पुढे केला. का नाही करणार? आपल्याकडे मनगटावर धागा बांधतो तो भाऊ नाहीतर देवळातला गुरुजी. हात मागे घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान. दोरा बोटाला पक्का झाल्यावर त्या तरुणाचं हसू गेलं आणि वीस युरो मागितले. आजूबाजूला त्याचे आणखी तिघे. मामांनी दहा युरो देऊन बायको सोडवली आणि पुढचे दोन दिवस तोच विनोद केला, जो मामींना एकदाही आवडला नाही.

यात हातचलाखी काय आहे? काहीच नाही. दिवसाढवळ्या, चारचौघांत, आपल्या संमतीने चालतं सगळं. यावर उपाय एकच: हात खिशात आणि पाय चालते. ‘नो, थँक यू’ सुद्धा म्हणायचं नाही, कारण तिथून गप्पा सुरू होतात. अगदी राहवलं नाही तर खणखणीत मराठीत ‘नको!’ म्हणा, पण थांबू नका. उद्धट वाटतं? वाटू दे. ज्याला आपण दुखावतोय असं वाटतं, तो पुढच्या दहा सेकंदांत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

कागदाच्या पॅडवर सह्या गोळा करणाऱ्या मुलींचंही तेच. मूकबधिरांसाठी आहे असं खुणेने सांगतात, आपण सद्भावनेने सही करायला वाकतो, आणि तो पॅड नेमका आपल्या पर्सवर आडवा येतो. सीन नदीकाठी ‘ही सोन्याची अंगठी तुमची पडली का?’ विचारणारा असतो. मिलानमध्ये दुओमो या मोठ्या चर्चसमोर तुमच्या तळहातावर न विचारता कबुतरांसाठी मक्याचे दाणे ठेवणारा असतो, आणि कबुतरं अंगावर बसून फोटो काढून झाला की तो त्या दाण्यांचे पैसे मागतो. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रापाशी आपण चाचपडत असताना मदतीला धावणारा असतो. प्रसंग निरनिराळे, पण पहिली पायरी प्रत्येक ठिकाणी एकच, ती म्हणजे तुम्हाला थांबवणं.

खरा पाकीटमार मात्र बोलत नाही. मेट्रोत किंवा रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये (ही तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या बाजूला जाते, आणि तिची कीर्ती व्हॅटिकनइतकीच जुनी असावी) तीन-चार जण तुमच्याबरोबरच चढतात. पुढचा दारातच अडखळतो, फोन पाडतो, वाकतो. मागचे ढकलतात. त्या दोन-तीन सेकंदांत जॅकेटखाली झाकलेला एक हात आपलं काम करतो, आणि दार बंद होता होता सगळे खाली उतरतात. तुम्ही गाडीत, ते फलाटावर. म्हणून दाराजवळ उभं राहू नये, डब्यात आत सरकावं, आणि दारात कोणी अडलं तर सौजन्याने वाट बघण्याऐवजी पहिला हात पर्सवर ठेवावा. डोंबिवलीकरांना हे शिकवायची गरज नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. आपल्या ग्रुपमध्ये कोणीतरी हमखास सांगतं, ‘अमुक रंगाची, तमुक वेषाची माणसं दिसली की लांब व्हा.’ मला हे ऐकून चीड येते, आणि शिवाय तो सल्ला कुचकामी आहे. सराईत टोळी पर्यटकांसारखीच दिसते. हातात नकाशा, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. आपण भलत्याच माणसाकडे संशयाने बघत राहतो आणि शेजारची नीटनेटकी मुलगी पर्सची चेन उघडते. माणूस कसा दिसतो ते सोडा. तो तुमच्या किती जवळ उभा आहे आणि एवढी जागा रिकामी असताना का उभा आहे, ते बघा.

‘एवढे प्रगत देश, मग पोलीस काय करतात?’ हा पुढचा प्रश्न. करतात, पण त्यांचे हात बऱ्यापैकी बांधलेले असतात. एप्रिल २०१३ मध्ये पाकीटमारांच्या टोळ्यांना कंटाळून लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं आणि जगातलं ते सर्वात गजबजलेलं संग्रहालय एक दिवस उघडलंच नाही. लहान मुलांना तिथे प्रवेश फुकट, आणि टोळ्या मुलांनाच आत पाठवत होत्या. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी याच कारणासाठी टॉवर काही तास बंद ठेवला. इटलीत १४ वर्षांखालच्या मुलावर फौजदारी खटला चालत नाही. स्पेनमध्ये ४०० युरोपर्यंतची साधी चोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते आणि शिक्षा म्हणजे बहुधा दंड. पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये कायदा कडक केला, तो त्यामुळेच. इटलीने तर २०२२ च्या अखेरीस लागू केलेल्या सुधारणेत चोरीच्या बऱ्याच प्रकारांत अशी अट घातली की ज्याची वस्तू गेली त्याने स्वतः रीतसर तक्रार केली तरच खटला. आता सांगा, परवाचं परतीचं विमान असलेला आपला माणूस व्हेनिसच्या कोर्टात साक्षीला जाणार आहे का? चोराला हे पक्कं ठाऊक असतं. पर्यटक सोपा वाटतो त्यामागे त्याच्याकडची रोकड आहेच, पण त्याहून मोठं कारण हे की तो उद्या इथे नसतो. २०२३ मध्ये ‘अत्तेन्त्सिओने, पिकपॉकेट!’ असं ओरडणारा व्हेनिसमधल्या एका बाईंचा आवाज जगभर रीलमध्ये वाजला. आपण हसलो. त्या बाई मात्र वर्षानुवर्षं हे रस्त्यावर उतरून करत होत्या, कारण ओरडून सावध करण्यापलीकडे नागरिकाच्या हातात फारसं काही नव्हतं.

आशियात भिडेचा वापर आणखी नाजूक होतो. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर, दरवाज्यापासून थोडं अलीकडे, इस्त्रीच्या शर्टातला एक मध्यमवयीन गृहस्थ भेटतो. इंग्रजी सुरेख. कुठून आलात, मुलं काय करतात, सगळी आपुलकीने चौकशी. मग हळहळतो: ‘अरेरे, आज राजवाडा बंद आहे हो, धार्मिक कार्यक्रम आहे. दुपारनंतर उघडेल. तोवर तुम्ही मोठी बुद्धमूर्ती बघून या, हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये फिरवून आणेल.’ बुद्धमूर्ती खरंच दाखवतात. तिथे आणखी एक सज्जन योगायोगाने भेटतो आणि सांगतो की आजच सरकारी योजनेचा शेवटचा दिवस आहे, माणिक-नीलम अर्ध्या किमतीत मिळतायत, मायदेशी दुपटीने विकता येतील. टुकटुक तिथेच थांबते. दुकानातून टुकटुकवाल्याला कमिशन, आणि तुमच्या हातात काचेच्या मोलाचे खडे. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकिटं साडेतीनपर्यंत मिळतात. बंद आहे की नाही ते दरवाज्यावरच्या माणसाला विचारावं, रस्त्यावरच्याला नाही. पण वडीलधारा माणूस इतक्या प्रेमाने सांगतोय आणि आपण त्याच्यासमोरून ‘बघून येतो’ म्हणून जायचं? आपल्याला जड जातं. जाऊ द्या जड. तिथल्या पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा.

व्हिएतनामला हल्ली आपली खूप मंडळी जातात म्हणून एवढंच: तिथली २०,००० ची नोट आणि ५,००,००० ची नोट, दोन्ही निळसर. रात्रीच्या टॅक्सीत शून्यं मोजत बसण्याऐवजी मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

आणि एक लूट अशी की जिच्यात चोर नसतोच. दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की युरोत? आपल्याला रुपये ओळखीचे, आपण आनंदाने रुपये दाबतो. तो दर आपली बँक ठरवत नाही, समोरची यंत्रणा ठरवते, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. जिथे आहात तिथलं चलन निवडा, एटीएमवरसुद्धा. प्रागच्या जुन्या शहरात पैसे बदलून देणारी दुकानं तर इतकी बदनाम झाली की चेक सरकारने २०१९ मध्ये कायदाच केला: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, पावती मात्र हवी. आपल्यातले कितीजण ती पावती जपून ठेवतात?

आता पैशांच्या मांडणीबद्दल, कारण माझ्या मते खरा बचाव इथे आहे. आपण एकाच माणसाकडे, बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाकडे, सगळं देतो. सर्वांचे पासपोर्ट, सर्वांचे युरो, दोन्ही कार्डं, आणि ते सगळं पोटावरच्या एका फुगीर पाऊचमध्ये. तो पाऊच लांबूनच ‘इथे आहे’ म्हणून सांगतो. वाटून ठेवा. दिवसाला लागतील तेवढे युरो वरच्या खिशात, एक कार्ड बायकोकडे, एक नवऱ्याकडे, पासपोर्ट ज्याचा त्याने कपड्यांच्या आत. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते ॲपमधून सुरू करावे लागतात आणि मर्यादाही ठरवता येते. सुरू करताना सगळेजण लाखाची मर्यादा ठेवतात. कशाला? रोजची गरज बघून ठेवा, हॉटेलचं बिल भरायच्या दिवशी वाढवा. आणि ‘ओटीपी माझ्या फोनवर येतो, मग काय होणार’ या भरवशावर राहू नका. परदेशी वेबसाइट तो दरवेळी मागतेच असं नाही, आणि फोनच चोरीला गेला तर तुम्हालाच तुमच्या खात्यात शिरता येत नाही. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून दोघांच्या बॅगेत ठेवा. कार्डाच्या पाकिटात पिन लिहिलेली चिठ्ठी ठेवणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही.

पासपोर्ट गेला तर हाल वेगळेच. पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. इटलीत असाल तर रोम नाहीतर मिलान, आणि शनिवार-रविवार मध्ये आला तर बसा. तातडीचा जो कागद मिळतो, तो फक्त भारतात परत येण्यापुरता. व्हिसा गेलेल्या पासपोर्टवरच होता, तेव्हा पुढची स्वित्झर्लंडची सहल तिथेच संपली. व्हिसासाठी आपण काढतो तो ३०,००० युरोचा विमा औषधपाण्याचा असतो. चोरीचं कलम त्या पॉलिसीत आहे का ते घरीच वाचा, आणि असलं तरी पोलिसांच्या कागदाशिवाय दावा पुढे सरकत नाही.

शेवटचं, आणि मला सर्वात जास्त खुपणारं. आमच्याच ओळखीतल्या एका काकांचं पाकीट बार्सिलोनाच्या मेट्रोत गेलं. त्यांना ते दहा मिनिटांत कळलं. त्यांनी सांगितलं रात्री जेवताना. मधले सात तास कार्ड चालू होतं, आणि ते वापरलं गेलं. का नाही सांगितलं? कारण आदल्याच दिवशी बसमध्ये दुसऱ्या एका काकूंची पर्स गेली होती तेव्हा सगळ्या ग्रुपने त्यांची यथेच्छ शाळा घेतली होती. ‘सांगितलं होतं ना, लक्ष कुठे असतं तुमचं?’ त्यात हे काका आघाडीवर होते. मग स्वतःवर वेळ आल्यावर तोंड उघडवेना. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला आणि त्यात तुमची हलगर्जी नसेल तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. पण वेळेत कळवायचं तर आधी सहप्रवाशांसमोर ‘माझं पाकीट गेलं’ हे म्हणता आलं पाहिजे.

म्हणून यंदा आमच्या ग्रुपचा एकच नियम ठरलाय. कोणाचं काही गेलं तर ज्याला आधी कळेल त्याने तिथेच मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी बँकेचे नंबर काढायचे, आणि ‘लक्ष कुठे होतं’ हे जो पहिला विचारेल त्याने त्या रात्री सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं. मामांनी आत्ताच विचारलंय की आइस्क्रीमऐवजी कॉफी चालेल का.