जेतवनाची जागा ठरली कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तर प्रदेशातील सहेट-महेट हे अवशेष म्हणजेच प्राचीन श्रावस्ती नगर आणि त्यातले सहेट म्हणजे बुद्धांचे वास्तव्य असलेला जेतवन विहार, असे मी माझ्या लेखात निःशंकपणे लिहिले, यावर आपला आक्षेप आहे. चिनी यात्रेकरूंनी दिलेल्या अंतरांवरून एका इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेला तो अंदाज आहे, इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनीच तो नाकारला होता, आणि हलवता येणाऱ्या वस्तूंवरून जागा सिद्ध होत नाही, असे आपण म्हणता. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

अंतरांबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. फाहियान आणि ह्युएन त्संग यांची अंतरे व दिशा आजच्या नकाशाशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि स्मिथ यांनी याच विसंगतीवर बोट ठेवून श्रावस्ती नेपाळच्या हद्दीत शोधली. आपण म्हणता ते इंग्रज अधिकारी, म्हणजे अलेक्झांडर कनिंगहॅम, यांना सहेटला बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती सापडली होती आणि भिक्षू बलाने ती श्रावस्तीत बसवल्याचे तिच्यावर कोरलेले होते. तरी ती मूर्ती दुसरीकडून आणलेली असावी, ही शंका उरलीच. ती गैरही नव्हती. याच बलाने सारनाथला बसवलेली मूर्ती मथुरेच्या तांबड्या वालुकाश्माची आहे, म्हणजे एवढ्या अवजड मूर्तीसुद्धा त्या काळी दूरवर नेल्या जात होत्या.

१९०८ मध्ये पुरातत्त्वज्ञ दयाराम साहनी यांना सहेटच्या १९ क्रमांकाच्या मठातील एका खोलीत जो ताम्रपट मिळाला, त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. उत्तर भारतातील गाहडवाल घराण्याचा राजा गोविंदचंद्र याने विक्रम संवत ११८६ मध्ये, म्हणजे इसवी सन ११३० मध्ये, जेतवन महाविहारात राहणाऱ्या आणि बुद्धभट्टारक ज्याचे प्रमुख होते अशा भिक्षुसंघाला सहा गावे दान दिल्याची ती सनद आहे. ताम्रपटही हलवता येतो, हे खरे. पण तो हलवील कोण आणि कशासाठी? सनद ज्याला मिळते त्याच्यापाशीच राहते. आपल्याकडे इनामाचे कागद घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपले ते याच कारणाने, की उद्या कोणी गावाच्या उत्पन्नावर हक्क सांगितला तर तोच एक आधार. जेतवनाच्या भिक्षूंची सनद भिक्षूंच्याच खोलीत मिळते, तेव्हा ते भिक्षू कुठे राहत होते हा प्रश्न माझ्या मते मिटतो. शिवाय बाराव्या शतकातही हा विहार नांदता होता आणि स्वतः बौद्ध नसलेला राजा त्याला गावे देत होता, हे त्या पत्र्यावर वाचताना मला आजही भरून येते.

मातीच्या मुद्रांचे तसे नाही. पत्रावर किंवा गाठोड्यावर उमटवलेला ठसा त्याच्याबरोबर परगावी जातो. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ के. एम. श्रीवास्तव यांना उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचा उल्लेख असलेल्या मुद्रा मिळाल्या, तरी कपिलवस्तू म्हणून नेपाळमधील तिलौराकोटचा दावा मागे पडलेला नाही. आपला आक्षेप तिथे नक्कीच लागू होतो आणि म्हणूनच पिप्रहव्याबद्दल मी ‘निःशंक’ हा शब्द वापरलेला नाही.

एका बाबतीत मात्र चूक माझी आहे. जागा जेतवनाची ठरली म्हणून तिथली प्रत्येक वास्तू ओळखू आली, असे होत नाही. मंदिर क्रमांक २ ला गंधकुटी आणि ३ ला कोसंबकुटी (जेतवनातील बुद्धांच्या निवासाच्या कुटी) म्हणतात तो तर्क आहे, आणि आज दिसणारे विटांचे बांधकाम बुद्धांच्या काळानंतर कित्येक शतकांनी झालेले आहे. ‘बुद्धांची गंधकुटी येथे उभी आहे’ हे माझे वाक्य त्यामुळे टिकत नाही. ते काढून ‘गंधकुटी म्हणून ओळखले जाणारे मंदिर क्रमांक २’ अशी दुरुस्ती मी आज लेखात केली आहे. जेतवनाच्या जागेविषयीचे विधान मात्र तसेच ठेवले असून, ताम्रपटाचा तपशील त्याला जोडला आहे.