नुसतं आडनाव असलेली फाइल

काम एका ओळीचं होतं. माझ्या संकेतस्थळावरच्या एका पानाचा पत्ता बदलला होता आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्या पत्त्याकडे धाडायचं होतं. संकेतस्थळाची पानं पुरवणाऱ्या अपाची या सर्व्हर-प्रोग्रामसाठी 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' नावाची सूचनांची फाइल करायची, तिच्यात 'रीडायरेक्ट ३०१', पुढे जुना पत्ता, पुढे नवा. पाच मिनिटांत उरकू म्हणून संध्याकाळी सातला बसलो.

पहिली अडचण नावाची. या नावात आधी टिंब, मग अक्षरं. माझ्या डेस्कटॉपवरच्या जुन्या विंडोजच्या हिशेबात टिंबाआधीचं ते नाव आणि नंतरचं ते आडनाव. मी नाव टाईप करून एंटर दाबलं की ते बजावायचं, फाइलला नाव द्या. अरे, दिलंय की! "हे आडनाव झालं, नाव सांगा" असं ते म्हणालं नाही, पण सूर तोच.

मग नोटपॅडमधूनच सेव्ह केली. कुरकुर नाही, नावही हवं तसंच दिसतंय. सर्व्हरवर चढवली, तरी जुन्या पत्त्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', कायम. तासाभराने उलगडा झाला. नोटपॅडने शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवलं होतं, आणि विंडोज एक्सटेन्शन, म्हणजे हे आडनावच, लपवून ठेवत असल्याने मला त्याचा पत्ता नव्हता. एकाने चिकटवायचं, दुसऱ्याने झाकायचं! उपाय काय, तर सेव्ह करताना नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचं.

आता अस्सल नावाची फाइल चढवली. फाइली सर्व्हरवर पोचवणारा एफटीपीचा प्रोग्राम म्हणाला, पोचली. यादीत बघतो तर नाही. पुन्हा चढवली. पोचली. पुन्हा नाही. असं चार वेळा. मग आठवलं, माझा सर्व्हर ज्यातला, त्या युनिक्स कार्यप्रणालीच्या घराण्यात टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली यादीत दाखवतच नाहीत. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी सांगितलेली हकिकत अशी, की 'टिंब' (हा फोल्डर) आणि 'टिंब टिंब' (त्याच्या वरचा) या दोन नोंदी यादीतून वगळायच्या होत्या, तेव्हा कुणीतरी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं. त्या आळसाची वसुली माझ्याकडून होत होती.

म्हणजे फाइल पहिल्या फेरीतच पोचली होती. आणि अपाची ही फाइल दर विनंतीला नव्याने वाचतो, सर्व्हर पुन्हा चालू करावा लागत नाही. ही मोठी सोय. चूकही त्याच तत्परतेने लागू होते. मी संकेतस्थळ उघडलं. '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. एक पान नव्हे, अख्खं संकेतस्थळ, गेली चाळीस मिनिटं.

दोष माझ्या मातृभाषाप्रेमाचा निघाला. पहिल्या ओळीत हॅश टाकून मी मराठीत टीप लिहिली होती, 'जुना पत्ता बंद, नवा चालू'. त्यासाठी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडलं, आणि जुन्या नोटपॅडने फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट ठेवले. ओळ हॅशने सुरू झाली तरच सर्व्हर ती टीप समजून सोडून देतो. इथे हॅशच्या आधी तिघे बसलेले! त्यामुळे माझी टीप त्याने हुकूम म्हणून वाचली, आणि असा हुकूम आपल्याला ठाऊक नाही म्हणून संप केला.

टीप उडवली. संकेतस्थळ उठलं. जुना पत्ता टाकला, तर गाडी भलत्याच पानावर. नव्या पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं. दुरुस्त केलं. तरी भलतंच पान. रात्री अकराला मित्राला फोन लावला.

"चालतंय की रे," तो म्हणाला. "३०१ म्हणजे कायमचा बदल. तुझ्या ब्राउझरने तो चुकीचा पत्ता मनावर घेतलाय. कॅश, म्हणजे त्याने साठवून ठेवलेलं, पुस. आणि पुढच्या वेळी फाइल साध्या नावाने चढव, नामकरण तिकडेच उरक. एवढं सोपं असतं."

"हे सातला का नाही सांगितलंस?"

"तू सातला फोन कुठे केलास?"