फिरती शौचालयं कुणासाठी?

जूनच्या शेवटच्या रविवारी मी शाळेच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. आमच्या टोरांटोच्या सिटी हॉलसमोर फडकणारा प्राइडचा, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या उत्सवाचा, इंद्रधनुषी झेंडा, मागे निळंशार आकाश. खाली लिहिलं, 'आमच्या पालिकेची रंगपंचमी.' बास, एवढंच. दहावी 'ब'ची ती मंडळी एरवी गुड मॉर्निंगची फुलं टाकण्यापलीकडे काही करत नाहीत, पण त्या दिवशी कोणीतरी विचारलं, 'आपल्या नाशकात पालिकेने असं काही केलं तर?' आणि मी स्कारबरोत झोपायला गेले तोवर १४० मेसेज झाले होते.

बहुतेकांचा सूर एकच. 'त्यांनी खुशाल नाचावं, आमचं काही म्हणणं नाही. पण करदात्यांच्या पैशावर कशाला? आधी खड्डे बुजवा.' हे लिहिणारा गृहस्थ दर रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत धप्पा मारतो आणि नखशिखान्त रंगलेला फोटो टाकतो. पेशव्यांच्या काळापासूनचे ते दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली गाडलेले. रंगपंचमी आली की भर चौकात रस्ता खणायचा, वाहतूक वळवायची, हौदात रंग कालवायचा, दिवसभर उड्या मारायच्या आणि मग फळ्या टाकून, माती लोटून पुन्हा वरून रिक्षा सोडायच्या. म्हणजे आनंदासाठी रस्त्याला खड्डा पाडणाऱ्या माणसाने खड्ड्यांचं कारण द्यावं! मी हे लिहिलं. त्यावर त्याने अंगठा दाखवला, खालच्या बाजूचा.

रहाड मला मनापासून आवडते, हे आधी सांगते. पंचवटीत वाढलेली मुलगी आहे मी. इथे मार्चमध्ये दारात बर्फाचा काळपट ढीग असतो आणि फोनवर कोणीतरी त्या रंगाच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवतं, तेव्हा मला बसचं प्रेस्टो कार्डसुद्धा नीट टॅप करता येत नाही. माझा मुद्दा इतकाच की शहर कुणाच्या तरी आनंदाला रस्ता देतंच. गणपतीत पालिका कृत्रिम तलाव करते, निर्माल्य गोळा करते, मूर्ती दान घेते. रामकुंडावर बारा महिने झाडू लागतो. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि त्यासाठी हजारो कोटींचे आकडे बोलले जात आहेत. मग एक दिवस, तीन तास, समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची मिरवणूक निघाली आणि पालिकेने पाण्याचे दोन टँकर, चार फिरती शौचालयं आणि मागून एक घंटागाडी दिली, तर तिजोरीला भोक पडेल?

'कुंभ सगळ्यांचा असतो,' एकीने लिहिलं. तिनेच प्रयागहून आल्यावर किन्नर आखाड्यातल्या महामंडलेश्वरांचा हात स्वतःच्या डोक्यावर असलेला फोटो टाकला होता. आशीर्वाद घ्यायला चालतात. कॉलेज रोडवरून चालायला नकोत.

'तुला काय पडलंय, तू तर तिकडची,' हे येणारच होतं, आलं. तर सांगून ठेवते: इंदिरानगरचा आईबाबांचा फ्लॅट आता माझ्या नावावर आहे आणि त्याची घरपट्टी मी इथून, सवलत मिळावी म्हणून एप्रिलमध्येच भरते. तेव्हा नाशिकची करदाती मीही आहे. मतदार नाही, हे खरं. कॅनडाचा पासपोर्ट घेतला त्या दिवशी ते सुटलं, आणि त्यावर मी तेव्हा टिम्सच्या कॉफीशॉपमध्ये बसून रडले होते, पण तो विषय वेगळा.

मग मी त्यांना आमच्याकडचे आकडे दिले. २०१७ मध्ये टोरांटो पालिका प्राइडला वर्षाला २ लाख ६० हजार डॉलर देत होती. शहराची वस्ती सुमारे २८ लाख. डोई दहा सेंटसुद्धा पडत नाहीत. त्या बदल्यात त्या वीकेंडला हॉटेलं भरतात, यंग स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते, आणि सोमवारी सकाळी मी ऑफिसला जाते तेव्हा रस्ता धुतलेला असतो. आमचं महाराष्ट्र मंडळसुद्धा गणपतीसाठी कम्युनिटी सेंटर पालिकेच्या सवलतीच्या दरानेच घेतं. तेव्हा कुठल्या गोऱ्या करदात्याने विचारलं नाही की ढोलाला माझे पैसे का.

इतकं सगळं मी लिहिलं आणि मला फार बरं वाटलं. जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

ग्रुपवर मी २०१७चा आकडा दिला, पण त्या वर्षी ते अनुदान बंद करण्याचा ठराव आमच्या कौन्सिलपुढे आला होता, हे गाळलं. ठराव पडला, पण आला होता. वाद होता तो मिरवणुकीत पोलिसांनी गणवेशात यायचं की नाही याचा. त्याआधीचे एक महापौर, रॉब फोर्ड, प्राइडच्या दिवशी कॉटेजला निघून जायचे. आणि या सगळ्याचं मूळ १९८१च्या फेब्रुवारीत आहे. एका रात्रीत इथल्या पोलिसांनी समलिंगी पुरुष जिथे भेटत अशा चार बाथहाउसांवर धाडी घालून ३००च्या आसपास पुरुषांना पकडलं होतं. लोक रस्त्यावर आले ते चिडून; नाच नंतर आला. पालिकेने प्राइड डे अधिकृतपणे जाहीर करायला १९९१ उजाडलं आणि मिरवणुकीत चालणारी पहिली महापौर, बार्बरा हॉल, १९९५ मध्ये चालली. ज्या बड्या कंपन्यांचे फुगे बघून मला भारी वाटतं, त्यांतल्या काहींनी २०२५ मध्ये हात आखडता घेतला आणि आयोजकांना ९ लाख डॉलरची तूट आली. म्हणजे हे 'आमच्याकडे' माझ्याकडे २००८ साली तयार होऊन आलं. मी विमानातून उतरले आणि आयत्या बिळावर नागोबा झाले. आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ज्या ३७७ कलमाची लाज मी नाशिककरांना वाटायला लावत होते, ते १८६० सालच्या गोऱ्या साहेबाच्या कायद्यातलं.

नाशकात मात्र रस्त्याचं भांडण नवं नाही. माझं माहेर काळारामाच्या पूर्व दरवाजापासून चार मिनिटांवर. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला तो तिथे. त्या चैत्रातल्या रथाच्या वेळी ठरलं होतं की दोर दोन्हीकडच्यांनी ओढायचा, आणि ऐन वेळी सवर्णांनी रथ पळवला, दगडफेक झाली. आम्ही लहानपणी तो रथ गच्चीतून बघायचो, उदबत्तीच्या वासात, हातात चुरमुरे. १९३० साली माझे पणजोबा त्याच घरात राहत होते. ते त्या दिवशी कुठे होते, दोराजवळ, दगडाजवळ की दार लावून आत, हे आमच्या घरात मी कधी विचारलं नाही आणि कोणी कधी सांगितलंही नाही. दार लावून आत असणार, असं मला वाटतं. आम्ही त्या जातीचे आहोत. म्हणजे दार लावणाऱ्यांच्या.

कारण २००९ मध्ये मीही तेच केलं. दिल्ली उच्च न्यायालयाचा ३७७ कलमाविरुद्धचा निकाल लागला त्या आठवड्यात माझ्या आतेभावाचा फोन आला. तेव्हा तो पुण्यात नोकरी करत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, तो निकाल माझ्याबद्दल आहे." मला कॅनडात येऊन वर्ष झालं होतं, नुकतीच पहिली प्राइड परेड बघून आले होते, गळ्यात प्लॅस्टिकच्या मण्यांच्या माळा घालून. आणि मी त्याला काय सांगितलं? "आत्याला सांगू नकोस. निदान दादाचं लग्न होईपर्यंत." तो "बरं" म्हणाला. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला तेव्हा मी फोन केला नाही; काय बोलायचं ते सुचलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने पुन्हा दार उघडलं, तेव्हा मी त्याला इंद्रधनुष्याचं चिन्ह पाठवलं. त्याचं उत्तर: 'थँक्स ताई.' दादाचं लग्न २०११ मध्येच झालं होतं.

आता तो नाशकात परत आलाय, आत्याला सांभाळायला. आत्याला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

या वर्षीही मी ऑफिसच्या तुकडीबरोबर चालले. वेलस्ली स्टेशनला उतरले, टी-शर्ट घातला, सनस्क्रीन चोपडलं, पाण्याच्या पिचकाऱ्यांनी भिजले. आणि घरी येताना ड्राइव्हवेत गाडी लावून गळ्यातली मण्यांची माळ काढली आणि ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये, टिश्यूच्या खाली सारली. सासूबाई सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आलेल्या आहेत. विचारतील, समजावत बसावं लागेल. कंटाळा आला, असं मी स्वतःला सांगितलं. माळ अजून तिथेच आहे; वळण घेतलं की खळकन् वाजते.

ग्रुपवरचं भांडण जिंकल्यावर (मी जिंकले होते, शेवटचे सात मेसेज माझे होते आणि कोणी उत्तर दिलं नाही) मी आतेभावाला फोन केला. म्हटलं, तुमच्या बाजूने किती भांडले बघ, पालिकेने शौचालयं द्यावीत, टँकर द्यावेत, सगळं सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मागे कुकरची शिट्टी झाली.

"माझं नाव घेतलंस का कुठे?"

"छे! वेड लागलंय का?"

"मग ठीक आहे." जरा थांबून म्हणाला, "तो झेंड्याचा फोटो फिरत फिरत माझ्याकडेही आला. त्यात तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, अरे, फोटो मी काढला, म्हणून मी त्यात नाही.

"हां," तो म्हणाला. मग आपणहून विषय बदलला. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदा चढलीये, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलंय. सगळं गाव बघायला लोटलंय. पालिकेने घाटावर दोर बांधलेत म्हणे, आणि आत्याला तिथे जायचंच आहे, ऐकत नाहीये.