तोफुकुजीतले सप्तर्षी

जपानमधल्या क्योतोच्या बागांवरचा तुमचा लेख आवडला. र्योआनजी मंदिराच्या बागेतले पंधरा दगड छान उलगडलेत, पण तिथल्याच तोफुकुजी या झेन मंदिराचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते.

नोव्हेंबरच्या सुट्टीत आम्ही तिथे होतो. सगळी गर्दी लाल मेपल बघायला पुलावर; आम्ही मठाधिपतींच्या जुन्या निवासाच्या ओसरीवर बसलो. बागरचनाकार मिरेई शिगेमोरी यांनी १९३९ साली या वास्तूच्या चारही बाजूंना छोट्या बागा रचल्या. देवळातलं जुनं सामान वाया घालवायचं नाही, अशी अट होती. म्हणून उत्तरेला जुन्याच फरशीचे चौकोन शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारखे बसवलेत. पुढे ते विरळ होत जातात आणि शेवटी नुसतं हिरवं उरतं. सड्यावरची रांगोळी पुसट होत जावी ना, अगदी तसं! एका फरशीच्या कडेवर नखाएवढं शेवाळ चढलं होतं, त्यावर दव.

पूर्वेला खांबांच्या पायाचे सात गोल दगड, कमीजास्त उंचीचे. आईला काही सांगावं लागलं नाही. "अगं, सप्तर्षी!" म्हणाली आणि बोटाने ध्रुवाची जागा शोधू लागली. पाऊण तास कसा गेला कळलंच नाही. जाणाऱ्यांनी सकाळी दार उघडताच जावं.