घरात एकाला आयबीडी म्हणजे सगळ्यांना? नागपुरात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारे आजार; क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्यातले दोन मुख्य. त्याबद्दलचा एक मेसेज सध्या नागपुरात घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, त्यामुळे काळजीपोटी तो मलाही बऱ्याच जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांचे आजार खानदानी आहेत, घरात एकाला झाला की भावंडांना आणि मुलाबाळांना होणारच. म्हणून सोयरीक जुळवण्याआधी जीन टेस्ट करा, घरातल्या सगळ्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) करून घ्या आणि सावजी कायमचं सोडा.

आधी ‘होणारच’ बघू. धोका वाढतो, हे खरं आहे. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रोन्सच्या रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना क्रोन्सचा धोका इतरांपेक्षा सुमारे ८ पट दिसला, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तो सुमारे ४ पट होता. हे ‘८ पट’ वाचून माणूस हादरतो. पण मुळात हा आजार फार थोड्यांना होतो, आणि थोड्याची ८ पट म्हणजेही थोडंच. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजांनुसार क्रोन्सच्या १०० सख्ख्या नातेवाइकांपैकी आयुष्यभरात साधारण ५ जणांना तो होतो. उरलेल्या ९५ जणांना मेसेजनं विनाकारण रुग्ण ठरवलंय. एकाच गर्भातून फुटलेल्या जुळ्यांचं बघा. त्यांची जनुकं सारखीच, तरी एकाला क्रोन्स असेल तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण साधारण ३० ते ५० टक्के, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास. सगळं जनुकांतच असतं, तर हे आकडे १०० च्या जवळ गेले असते.

दक्षिण आशियातून कॅनडातल्या ओंटारिओत गेलेल्या कुटुंबांनी हीच गोष्ट वेगळ्या बाजूनं दाखवली. स्थलांतर करून आलेल्या पिढीत आयबीडी कमी होता, तिथे जन्मलेल्या मुलांत तो तिथल्या इतर मुलांइतकाच निघाला. एका पिढीत वंश बदलत नाही, राहणीमान बदलतं.

आता जीन टेस्ट. हा सल्ला विदर्भात लगेच पटतो, आणि त्यामागचं कारण मला समजतं: आपण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जवळून पाहिलाय. लग्नाआधी रक्त तपासा, हे तिथे अगदी योग्य आहे. तो एकाच जनुकातल्या बदलानं होतो. आई-वडील दोघंही वाहक (स्वतः आजारी नसले तरी तो बदल अंगात असलेले) असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आयबीडीला हे गणित लागू पडत नाही. इथे २०० हून अधिक जनुकीय जागा थोडाथोडा हातभार लावतात. २००१ मध्ये सापडलेल्या एनओडी२ या जनुकातले तीन बदल पाश्चात्त्य रुग्णांत महत्त्वाचे ठरले, पण भारतीय रुग्णांत ते जवळजवळ आढळतच नाहीत. तिकडे हे बदल अंगात असलेल्या बहुतेकांनाही आजार होत नाही. मग इथे त्या रिपोर्टवरून एखाद्या मुलीचं स्थळ नाकारणं हा निव्वळ अन्याय आहे.

सगळ्यांची कोलोनोस्कोपी? काहीच त्रास नसलेल्या नातेवाइकांनी ती करावी, अशी शिफारस नाही. नातेवाइकांचा अभ्यास जरूर होतो, पण तो कसा होतो ते बघा. कॅनडातून २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ प्रकल्पात क्रोन्सच्या रुग्णांचे ५,००० हून अधिक निरोगी सख्खे नातेवाईक सहभागी झाले. त्यांचं रक्त, शौच, लघवी तपासून ठेवली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा प्यायला देऊन लघवीत त्या किती उतरतात, यावरून आतड्याचं अस्तर किती झिरपतं ते मोजलं. पुढे ज्यांना क्रोन्स झाला, त्यांच्यात हे झिरपणं आणि आतड्यातल्या जिवाणूंमधला फरक आजाराच्या बराच आधी दिसला. मोठी आशा वाटावी असं हे काम आहे. पण त्यातल्या बहुतेक नातेवाइकांना आजार झालाच नाही, आणि या खुणा पाहून कोणा एकाचं भविष्य सांगता येत नाही.

सावजी खाल्ल्यानं आयबीडी होतो, याला आधार नाही. आजार उसळलेला असताना तिखट सोसत नाही, ही वेगळी गोष्ट. विडी-सिगारेटनं मात्र क्रोन्सचा धोका नक्की वाढतो, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

आम्हा नातेवाइकांसाठी खरी गरजेची गोष्टही त्यात नाही. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन् महिने काढतात. घरात आयबीडी असेल तर असं करू नका. रक्त, काही आठवडे न थांबणारे जुलाब, रात्री उठून शौचाला जावं लागणं, वजन घटणं, मुलाची उंची खुंटणं, यातलं काहीही दिसलं तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि घरात कोणाला काय आहे ते आपणहून सांगा. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या साध्या तपासणीवरून आतड्याला सूज असल्याचा अंदाज येतो आणि कोलोनोस्कोपी लागेल का, हे ठरवायला मदत होते.

आणि ज्याला आजार आहे, त्यानंही लग्न करावं, मूल होऊ द्यावं. आजार आटोक्यात असताना गर्भधारणा झालेली चांगली. मेथोट्रेक्सेट हे औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही महिने आधी थांबवावं लागतं. बाकीची औषधं घाबरून स्वतःहून बंद करू नयेत, कारण गरोदरपणात आजार उसळला तर आई आणि बाळ दोघांनाही त्याचा त्रास होतो.